मासे न देणारे अण्णा

"मासं न्हाईत."

अण्णा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. आणि त्यांच्या पाठीमागं भिंतभर काचेच्या टाक्या, टाक्यांत माशांची नुसती जत्रा. मी म्हटलं, "अहो, मग हे मागं काय आहे?"

"ती घरातली माणसं हाईत. तुम्हाला काय पायजे ते बोला."

"मासेच पाहिजेत हो."

"टँक हाय?"

"आहे."

"पाणी किती दिवसाचं?"

आता पाणी किती दिवसाचं म्हणजे काय? मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून शाहूपुरीतल्या गल्ल्या धुंडाळत आलेली, हातात पंधरा मिनिटं उरलेली. म्हटलं, "संध्याकाळी भरणार आहे की." अण्णांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, तिच्या आत बघितलं, परत घातली आणि माझ्याकडं पाठ करून टाक्यांकडं तोंड करून बसले. झालं! गिऱ्हाईक संपलं. टोपीत बघणं म्हणजे राग गिळणं, हे मला पुढं कळलं.

अण्णा हुपरीचे, जैन घरातले. सगळा जन्म चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडण्यात गेलेला, त्यामुळं सत्तरीतही नजर अशी की तांदळातला खडा लांबून दिसावा. असल्या माणसाकडं माशांचं दुकान कसं, असं कुणीही विचारायचं, मीही विचारलं. तर दुकान त्यांचं नव्हतंच. एका दोस्ताचं. दोस्त एक दिवस "आठवडाभर बघ जरा" म्हणून किल्ली देऊन परगावी गेला आणि तिकडंच रमला. दुकान अण्णांच्या गळ्यात. घरच्यांनी बोल लावले, पाव्हण्यारावळ्यांनी तोंडं वाकडी केली, की आपल्यातला माणूस आणि जीव विकतो? अण्णा सगळ्यांना एकच सांगायचे, "मी विकत न्हाई. मी स्थळं बघतोय. सगळी सुखाला पडली की शटर खाली."

आणि खरंच, पोरगी द्यायची असल्यागत त्यांची चौकशी चालायची. टँक कुठं ठेवणार? दुपारचं ऊन येतं का? दिवसा घरात कोण असतं? घरात कुणाला काचेवर टकटक करायची खोड हाय का? एकदा माझ्यासमोरच एक नवरा-बायको आले आणि लाल घ्यायचे का काळे, यावरनं जुंपली त्यांची. अण्णा उठले, दोघांना हात जोडले आणि म्हणाले, "आधी तुमचं मिटवा पावणं, मग या." आणि रोज ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, साडेपाचला, शटर अर्धं खाली. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असायचं. बाहेर कुणी कितीही ओरडो, भाकरी संपल्याशिवाय शटर हलायचं नाही.

दुकानात शिरल्या शिरल्या सगळ्यात मोठी टाकी होती ती मोकळी. दिवा चालू, मोटर चालू, पाणी नितळ आणि आत एक मासा नाही. वर खडूनं लिहिलेली पाटी : ही टाकी रिकामी नाही. लोक वाकून वाकून बघायचे. फार खोदून विचारलं की अण्णा चांदीकामाचं भिंग काढून हातात द्यायचे. भिंगातनंही काही दिसायचं नाही. मग म्हणायचे, "दिसत न्हाई म्हंजे न्हाई, असं कुठं हाय? आमची अव्वा, म्हंजे आज्जी, विहिरीचं पाणी फडक्यानं गाळायची, आणि गाळलं की फडकं झटकायची न्हाई. जाऊन परत विहिरीत हळूच सोडायची. त्यात जीव आसत्यात म्हणायची. आम्ही पोरं हसायचो. आता मी ह्या धंद्यात पडलो आणि कळलं, म्हातारी बरोबर हुती."

पहिल्या दिवशी मी रागानं फणफणत ऑफिसात परत आले. असला माणूस! दुसरं दुकान काय मिळत नाही का कोल्हापुरात? पण घरी पोचेपर्यंत राग उतरला आणि काळजी सुरू झाली. मी मुळात काळजीखोर बाई. गॅस बंद केला का बघायला जिन्यातनं दोनदा परत जाणारी. पण ही काळजी तसली नव्हती. ही माझ्या लेकीची होती.

सानू तेव्हा नऊ वर्षांची. आदल्या वर्षी तिच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हौसेनं टँक आणला. त्याच संध्याकाळी नळाचं पाणी भरलं, त्याच संध्याकाळी आठ मासे सोडले. खायला घालायचं काम सानूचं. तीन दिवसांत आठच्या आठ मासे उलटे. आणि त्यानंतर महिना झाला न झाला तोवर सासरे झोपेत गेले. रात्री गोळीसोबत पाणी सानूनंच दिलेलं. तेव्हा कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. काही महिन्यांनी आलं, शेजारच्या बाळाला ती हात लावेना तेव्हा. आधी बाळाला खाली ठेवायची नाही ही पोरगी! मी विचारलं तर म्हणाली, "नको आई. माझ्या हातानं मरतंय."

अशी चड्डीच्या खिशात दोन्ही हात घालून उभी. तिच्या बाबांची नोकरी बाहेरगावी, ते रविवारी येणार. फोनवर सांगितलं तर म्हणाले, विसरेल. विसरली नाही. माझ्या माहेरी गेलो तर म्हशीच्या रेडकाला हात लावीना, कुंड्यांना पाणी घालीना. समजावून झालं, रागावून झालं, देवाचा अंगारा लावून झाला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तिच्या हातानं काहीतरी जगू दे. म्हणून मला मासे पाहिजे होते. आणि परत मेले तर? हा प्रश्न मला रात्रंदिवस कुरतडत होता. परत मेले तर ही पोरगी जन्मभर खिशातनं हात काढायची नाही.

चार दिवसांनी मी परत अण्णांपुढं उभी राहिले आणि हे सगळं घडाघडा सांगून टाकलं. सांगताना रडले. अण्णा टोपी काढून बसले होते, पण या वेळी आत बघितलं नाही.

"अक्का," ते म्हणाले, "मासा ज्या पाण्यात ऱ्हातो त्यातच घाण करतो. ती घाण म्हंजे त्याला विष. ते विष खाऊन टाकणारं जीव आधी पाण्यात वस्तीला यायला लागत्यात. बारीक. दिसत न्हाईत. तुमच्या मामंजींनी घर बांधायच्या आधी पाव्हणं बोलावलं, एवढंच झालं. पोरीच्या हाताचा काय संबंध?"

"हे तिला सांगा की."

"सांगून काय हुतंय? तुम्ही सांगून झालं न्हवं?" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाणी भरा. नळाचं बादल्यांत एक दिवस उघडं ठेवून मग भरा, त्यातलं औषध उडून जातंय. मोटर आणि तिच्यातला पाणी गाळायचा स्पंज मी देतो. मासं न्हाईत. रोज सांजचं चिमूटभर माशांचं खाणं त्या मोकळ्या पाण्यात टाकायचं. पोरीनं टाकायचं, तुम्ही न्हवं."

"मासे नाहीत तर खाणार कोण?"

"खाणारे खातील. आणि मेलं तर काय मरणार हाय त्यात? मोकळाच हाय की टँक."

हे मात्र सानूला पटलं! मोकळ्या टँकमध्ये मरायला काही नाही. पहिल्या दिवशी तिनं दोन बोटांत खाणं धरलं, लांबूनच टाकलं आणि पळाली. आठवड्यानं काचेला नाक लावून बघायला लागली. दर शनिवारी आम्ही दोघी बाटलीतनं टँकचं पाणी घेऊन अण्णांकडं. ते छोट्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब सोडायचे, उजेडात धरायचे. हिरवं झालं की विष आहे, पिवळं राहिलं की साफ. पहिल्या शनिवारी हिरवं. दुसऱ्या शनिवारी हिरवंगार. मला वाटलं, वाटोळं झालं! अण्णा खूश. "विष तयार झालं, आता खाणारं येतील." तिसऱ्या शनिवारी जरा फिकं. स्पंज तपकिरी व्हायला लागला, तर म्हणाले, "ही घाण न्हवं बाळ, ही वस्ती." सानू घरी येऊन आज्जीला सांगायची, आमच्या स्पंजात गाव आहे.

सासूबाईंना हे काही झेपत नव्हतं. मोकळ्या पाण्याला रोज खाऊ घालणारं घर त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं, पितृपंधरवड्यात नवा जीव घरात आणायचा नाही, आणायचा तो घटस्थापनेला. अण्णांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या सासूबाई शहाण्या हाईत. तवर पाणी पिकतंय." मग काय, सानूला शब्द दिला, घटस्थापनेला मासे. ती वहीच्या मागच्या पानावर दिवस खोडत होती आणि मी मनातल्या मनात. पाचव्या शनिवारी नळी जवळजवळ पिवळी. मला कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली.

आणि दसरा काढायची वेळ आली.

आमच्याकडं नवरात्राच्या आधी घरातलं एकूण एक धुऊन काढतात. वाकळा, चादरी, पडदे, डबे, माळ्यावरची भांडी, देवाचे टाक, पंख्याची पाती. जे हाताला लागेल ते पाण्यात. सासूबाईंचा या चार दिवसांत अवतार बघण्यासारखा असतो; पदर खोचलेला, पुढ्यात साबणाचं घमेलं, त्यांच्यापुढं उभं राहायची छाती नाही. घटस्थापनेला दोन दिवस असताना मी ऑफिसातून आले. गच्चीवर वाकळांच्या रांगा, आणि रांगेच्या टोकाला दोरीवर चिमटा लावून, उन्हात पांढराशुभ्र, टँकचा स्पंज.

"केवढी घाण हुती गं त्यात!" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "तीनदा पावडर लावली तवा पाणी साफ आलं. पोरीनंच काढून दिला, मला काय ती मोटर उघडत न्हाई."

सानू जिन्यात बसली होती. आज्जीनं मागितला, हिनं काढून दिला. आज्जीला नाही म्हणायची ताकद आमच्या घरात मोठ्यांना नाही तर हिला कुठली. पांढरा स्पंज बघितल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता.

"सगळे मेले ना?" तिनं विचारलं.

"नाही गं, काही नाही होत," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि हात खिशात घातले.

रात्रभर मी तळमळत होते. दुसऱ्या दिवशी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी बाटलीत भरलं आणि एकटीच अण्णांकडं गेले. मनात म्हटलं, नळी पिवळी येईल, मासे मिळतील, उद्या घट बसतील, पोरीच्या तोंडावर हसू येईल, पुढचं पुढं. नळी पिवळी आली, लिंबासारखी पिवळी. अण्णांनी बाटली नाकाशी नेली. एकदा, दोनदा.

"ह्याला वासच न्हाई," ते म्हणाले. "पाच आठवड्याच्या पाण्याला कुंडीतल्या मातीचा वास आसतो. हे तुमच्या माठातलं का फिल्टरचं?"

मी बाटली परत घ्यायला हात पुढं केला.

"मला फसवा की, मी म्हातारा माणूस. थेंबांना बी फसवा. मासं कसं फसणार अक्का? ती उद्या उलटी झाली की पोरीपुढं कुठनं पाणी आणणार हाय?"

मग सगळं सांगितलं. स्पंज, पावडर, दोरी, खिशातले हात. वाटलं होतं आता टोपी निघणार. तसं झालं नाही. अण्णा उठले, त्या मोठ्या मोकळ्या टाकीतला गच्च तपकिरी स्पंज काढला, स्टीलच्या डब्यात तिथल्याच पाण्यात बुडवून ठेवला, झाकण लावलं आणि भर दुपारी चार वाजता पूर्ण शटर खाली ओढलं. शेजारचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. माझ्या स्कूटीवर मागं बसले, डबा मांडीवर, आणि राजारामपुरीतल्या घरापर्यंत माझ्या कानात एकच, "हळू. हळू. खड्डा हाय. आत वस्ती हाय."

घरात सासूबाईंनी वाळलेला स्पंज परत मोटरीत घातला होता आणि टँकवर साबणाचा फेस तरंगत होता. सानू कोपऱ्यात उभी. अण्णा तिच्यासमोर खालीच बसले.

"मेले का हो?" तिनं विचारलं.

माझा जीव टांगणीला. नाही म्हणा, नाही म्हणा.

"व्हय," अण्णा म्हणाले. "मेले."

सानूचा चेहरा पडला. मला त्या माणसाचा असा संताप आला की काय सांगू! एवढ्यासाठी आणला का याला घरी?

"साबणानं मेले," अण्णा पुढं म्हणाले. "साबण लागला की ह्यातलं काय बी वाचत न्हाई."

दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात ओलं फडकं. "साबणानं मासं बी मरत्यात व्हय ओ पावणं?"

"पहिलं मासंच मरत्यात आज्जी. टँकला जरा जरी पावडर ऱ्हायली तर तीन दिवस बी काढत न्हाईत."

सासूबाई दारातच खाली बसल्या. मी घाबरून पाणी आणायला वळले तर हातानं थांबवलं.

"मागचा टँक मीच धुऊन दिलता," त्या म्हणाल्या. "हेनी आणला तसा न्हाणीत नेला आणि पावडर लावून घासला. दोनदा. हेनी म्हणत हुते, आगं बास कर. मी म्हटलं, दुकानातली घाण नगं घरात. आठ मासं. म्हंजे मीच मारलं की गं सगळी." आणि पदर तोंडाला लावून, पहिल्यांदाच, सासरे गेल्यावरही रडल्या नव्हत्या तशा, हमसून हमसून रडायला लागल्या. "बाळा, तुझा हात न्हवता गं त्यात. माझा हुता."

सानू हलली. आज्जीजवळ गेली. खिशातनं हात काढून तिनं आज्जीच्या डोक्यावर ठेवला.

"तुला कुठं माहीत होतं आज्जी?" ती म्हणाली. "माहीत नव्हतं तर तुझी काय चूक?"

आणि बोलता बोलता थांबली. तोंड तसंच उघडं. हे वाक्य मी तिला वर्षभर शंभरदा ऐकवलं होतं, शपथ घालून, जवळ घेऊन, ओरडून. आता ते तिच्याच तोंडातनं आलं आणि तिनंच ऐकलं.

टँकमधलं साबणाचं पाणी आम्ही बादल्यांनी उपसलं. टँक आणि मोटर नुसत्या पाण्यानं तीन-तीनदा विसळली आणि कालपासून बादल्यांत भरून ठेवलेलं पाणी आत ओतलं. दसऱ्याच्या धुण्यासाठी घरातली भांडीन् भांडी भरलेली होतीच. मग अण्णांनी डब्याचं झाकण काढून सानूपुढं धरलं. "पीळ ह्यात." तिनं दोन्ही हातांनी स्पंज उचलला आणि टँकमध्ये धरून पिळला. नितळ पाण्यात तपकिरी ढग पसरला. सासूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले, एवढी घाण त्यांना बघवेना. पण हातातलं फडकं खालीच ठेवलं. चहाला अण्णा थांबले नाहीत, दिवस मावळायला आला होता.

घटस्थापनेला मासे आले नाहीत. माझाच धीर सुटला, म्हटलं, अण्णांना विचारून दोनच आणू या का? सानूनं अण्णांनी तिला दिलेली थेंबांची नळी मला दाखवली. "आई, हिरवं आहे अजून. घाई करू नकोस." मासे आले ते दिवाळीनंतर, सहा, अण्णांनी स्वतः निवडून दिलेले.

त्याला आता तीन वर्षं झाली. अण्णांचं दुकान गेल्या उन्हाळ्यात बंद झालं. सगळी सुखाला पडली, असा त्यांचा फोन आला होता. आता हुपरीत घरीच असतात.

परवा सकाळी मी उठले तर सगळ्यात मोठा मासा, अण्णांकडनं आला तेव्हाच थोराड होता तो, पाण्यावर आडवा. सानू उठायच्या आत काढून टाकावा, तस्साच दुसरा कुठंतरी मिळतो का बघावा, म्हणून पदर खोचून हात पाण्यात घातला, आणि मागनं आवाज आला, "आई, काय करतेस?"

तिनं मला बाजूला केलं. आधी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, खिडकीशी जाऊन बघितलं. मग अण्णांना फोन लावला. मी पदराला हात पुसत तिथंच उभी.

"अण्णा, मोठा गेला." ऐकत राहिली. "तपासलं. पिवळं आहे." परत ऐकत राहिली. "नाही, बाकीचे बरे आहेत. कशानं?" मी फोनजवळ सरकले.

"म्हातारा झालता," सानू म्हणाली.

फोन ठेवून तिनं ओंजळीत मासा उचलला, गच्चीवरच्या कुंडीत पुरला, हात धुतले. मी अजून तिथंच खांबासारखी. केसांत फणी घालता घालता ती आपल्याशीच बोलल्यागत म्हणाली, "आज्जा पण म्हाताराच झालता की."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अगं रडतेस काय? डबा भर, उशीर होतोय."